स्कूटर थरथरते : सिग्नलला, उठताना की पळताना?

घोडबंदरी

गाडी ११० सीसी गियरलेस, २०१८ ची, म्हणजे कार्ब्युरेटरवाली. रनिंग ३१,०००. रोज कासारवडवली ते ऐरोली आणि परत.

त्रास असा. सिग्नलला उभी असताना पायाखालचा फ्लोअरबोर्ड आणि आरसे थरथरतात, आरशात मागचा ट्रक आहे की बस तेही कळत नाही. उठताना १०-१५ च्या स्पीडला गचके देते. आणि ५० च्या आसपास सीटखाली बारीक झिणझिण्या येतात, ६० ला त्या कमी होतात. अ‍ॅव्हरेज ४५ वरून ४० वर आलंय. धूर नाही, तेल कमी होत नाही. एका गॅरेजमध्ये 'क्रँक गेला, इंजिन उतरवावं लागेल' असं सांगितलंय. उतरवण्याआधी काय काय तपासावं?

पाना १०-१२

क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचं, नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. तुम्ही एका दमात तीन वेगळे आजार सांगितलेत. सिग्नलची थरथर, उठतानाचे गचके आणि ५० च्या झिणझिण्या यांचं मूळ एकच असण्याची गरज नाही, आणि बहुतेक वेळा नसतंच.

आधी सिग्नलची. एक सिलिंडरचं इंजिन थरथरणारच. पिस्टन वर-खाली जातो, त्याचा तोल क्रँकच्या वजनांनी पूर्ण साधता येत नाही, अर्धामुर्धाच साधतो. उरलेली थरथर चेसीपर्यंत पोचू नये म्हणून इंजिन थेट चेसीला न कसता हँगरवर (इंजिन आणि चेसीमधल्या जोडणीवर), रबरी बुशांमध्ये टांगलेलं असतं. म्हणून प्रश्न 'इंजिन थरथरतं का' असा नाही. इंजिन नेहमीपेक्षा जास्त थरथरतंय, की नेहमीचीच थरथर रबर अडवत नाहीये, हा प्रश्न आहे.

इंजिनापासून सुरुवात करा, कारण तिथे खर्च कमी. दहा मिनिटं गाडी फिरवून गरम करा आणि मग आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनचा वेग, पाहा. ११० च्या बहुतेक स्कूटरींचं आयडल १,७०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असतं. १,२००-१,३०० वर घुटमळत असेल तर प्रत्येक ठोका पायाला लागणारच. पण लगेच स्क्रू पिळून आयडल वाढवू नका. कमी का झालं ते बघा : एअर फिल्टर, प्लग, पायलट जेटमधला (कार्ब्युरेटरमधल्या, आयडलला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातला) कचरा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), आणि कार्ब्युरेटर व सिलिंडर हेड यांच्यामधला रबरी इनलेट पाइप. त्या पाइपाला चीर असेल तर बाहेरची हवा आत जाते आणि आयडल वर-खाली होतं. चालू इंजिनवर त्या सांध्याला स्प्रेच्या बाटलीने नुसतं पाणी मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. कार्ब क्लीनर मारून ही टेस्ट करतात, पण गरम सायलेन्सरशेजारी तो उद्योग नको.

टॅपेट थंड इंजिनवरच. फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवा आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हलवून पाहा. दोन्हींना किंचित ढिलेपणा असेल तर कॉम्प्रेशनची वरची स्थिती. एखादा घट्ट असेल तर आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची असते, इनटेक आणि एक्झॉस्टचे आकडे आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हलका अडकत सरकला पाहिजे. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून खूश होऊ नका. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, व्हॉल्व्ह मात्र पूर्ण बसू देत नाही.

खाडीपलीकडे

+१. भर एवढीच की आयडल मुद्दाम वाढवून देणं ही गॅरेजची आवडती युक्ती आहे. थरथर गेल्यासारखी वाटते, गिऱ्हाईक खूश. पण आयडल फार वर गेलं की क्लचचे शू (फिरताना बाहेर फाकणारे घर्षणाचे तुकडे) सिग्नलला उभ्या उभ्याच बेलला (त्यांच्याभोवतीच्या वाटीला) घासायला लागतात आणि ब्रेक धरलेली गाडी वेगळ्याच कारणाने थरथरते. मेन स्टँडवर मागचं चाक आयडलला हळूहळू फिरणं नॉर्मल आहे. ब्रेक लावून सोडल्यावर ते लगेच जोरात पळत असेल तर आयडल जास्त आहे किंवा क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात.

आता बुश. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद. मागे बसून चाक दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. नजर चाकावर नको, सांध्यांवर ठेवा. चाक हलतंय पण इंजिन केस स्थिर आहे, तर एक्सलचा नट किंवा फायनल ड्राइव्हचं बेअरिंग. चाक आणि केस दोन्ही मिळून चेसीपासून हलताहेत, तर हँगरचे फाउंडेशन बुश. खालच्या बाजूला टॉर्च मारली की फाटलेलं रबर दिसतं, बऱ्याचदा आतली लोखंडी नळी एका बाजूला सरकलेली असते. हँगरवर स्टॉपरचं छोटं रबरही असतं, ते चपटलं की धातूला धातू लागतो आणि फ्लोअरबोर्ड ढोलासारखा वाजतो. मागच्या शॉकअपच्या दोन टोकांचे बुशही त्याच फेरीत बघून घ्या.

आणखी एक खूण. बऱ्याच स्कूटरींत मेन स्टँड इंजिनलाच लावलेला असतो, त्यामुळे स्टँडवर बुशवरचा भार बदलतो. स्टँडवर थरथर एक आणि चाकांवर उभी असताना दुसरीच, असा ठळक फरक असेल तर बुशचा संशय पक्का करायला हरकत नाही.

घोडबंदरी

हलवून पाहिलं. केससकट हलतं, डावीकडे जास्त. बुश घरी बदलता येतात का?

खाडीपलीकडे

येतात, पण हातोड्याने नाही. बुश ज्या केसमध्ये बसतो ती अ‍ॅल्युमिनियमची, कान तुटला तर मग खरंच इंजिन उतरेल. लांब बोल्ट, दोन जाड वॉशर, एका बाजूला बुशपेक्षा मोठा सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला बुशच्या बाहेरच्या कडेवर बसेल असा सॉकेट. नट आवळत गेलं की जुना बुश मोठ्या सॉकेटमध्ये ओढला जातो. नवा याच रीतीने आत घ्यायचा, साबणाचं पाणी लावून. ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतं.

आणि ज्यावर सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते : हँगरचे बोल्ट मेन स्टँडवर असताना फायनल कसू नका. हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, सीटवर बसून दोन-तीनदा दाबा, मग कसा. स्टँडवर कसले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं, गाडी खाली आली की कायम ताणात राहतं आणि लवकर फाटतं.

बाजारात कडक नायलॉनचे 'लाइफटाइम' बुश मिळतात. टिकतात खरे, पण थरथर जशीच्या तशी चेसीला देतात. इथे रबरच हवं.

तिसरी लेन

उठतानाच्या गचक्यांबद्दल कोणी बोललं नाही अजून. घोडबंदर रोडवर रोज जाणाऱ्या गाडीत क्लच आधी बघायचा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, उड्डाणपुलांखालून गेलं तर गाडी तासभर ८ ते १२ च्या स्पीडला सरकत असते. या स्पीडला शू बेलला पूर्ण पकडत नाहीत, अर्धवट घासत राहतात. उष्णतेने शूंच्या लायनिंगवर (घासणाऱ्या अस्तरावर) काचेसारखा थर चढतो आणि बेलवर निळसर डाग पडतात. मग शू पकडतो-सुटतो, पकडतो-सुटतो. तेच तुमचे गचके.

किक कव्हर (क्लच, बेल्ट आणि पुलींवरचं झाकण) उघडा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात कसला की केस फुटते. आतली काळी धूळ फुंकू नका, मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा.

शूंचं लायनिंग व्हर्नियरने मोजा. २ मिलिमीटरपर्यंत आलं असेल तर सेट बदलायचा. जाड असेल आणि नुसतं चकाकत असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने तिरकं घासा, चकाकी जाईपर्यंतच. बेल आतून ब्रेक क्लीनरने धुवा आणि तीन ठिकाणी आतला व्यास मोजा. तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. बेल लंबगोल झाली असेल तर नवे शू टाकूनही गचके राहणार. शू ज्या पिनांवर फिरतात त्या सुकल्या असतील तर काडीच्या टोकावर येईल एवढंच हाय-टेंपरेचर ग्रीस. जास्त लावलं की फिरताना उडून लायनिंगवर.

बेल्टबाजी

घासकाम करून महिनाभर बरं वाटतं, मग परत तेच. ३१,००० झालेत, सरळ क्लच असेंब्ली आणि बेल टाका.

तिसरी लेन

महिन्यात परत येतं ते दोन कारणांनी. बेल न मोजता नुसते शू घासले म्हणून, किंवा चालवायची सवय तीच राहिली म्हणून. ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल किंचित धरून रांगत राहण्याऐवजी पुढे चार गाड्यांची जागा होऊ द्यायची, स्पष्ट थ्रॉटल देऊन जायचं आणि पूर्ण सोडायचं. कोपरी पुलाच्या किंवा मुंब्रा बायपासच्या चढावर थ्रॉटलवर गाडी तोलून धरणारे लोक दिसतात, त्यांनी नवी असेंब्ली टाकली तरी तीही जळेल. चढावर ब्रेक धरा. मोजमाप बसत नसेल तर बदला, त्याला विरोध नाही. न मोजता बदलायला आहे.

बेल्टबाजी

मान्य, मोजून ठरवा. पण उघडल्यावर ओल आहे का ते नक्की बघा. क्लचमागे तेलाचा ओलावा असेल तर सील गळतंय, आणि तेल प्यालेले शू घासून सुधारत नाहीत, ते फेकायचेच. गियर ऑइल ११० च्या गाडीत साधारण १०० ते १२० मिली लागतं. 'थोडं जास्त बरं' म्हणून भरलं तर सीलवर दाब येतो.

५० च्या झिणझिण्या, ६० ला कमी आणि अ‍ॅव्हरेज घसरलेलं, हे तिन्ही एकत्र आले की व्हेरिएटरचे रोलर. पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, सहा रोलर असतात. स्पीड वाढला की बाहेर सरकतात, पुलीचे फेस (दोन तबकड्या) जवळ येतात, बेल्ट वर चढतो, गाडीचा 'गियर' बदलतो. रोलर घासून एका बाजूने चपटे झाले की सरकायच्या ऐवजी त्या चपट्या बाजूवर अडकून बसतात. मग ५० ला जिथे ५,००० आरपीएम पुरले असते तिथे इंजिन त्याहून वर ओरडत राहतं, तेवढंच पेट्रोल जास्त पितं. पुढे जोर वाढला की रोलर सुटतात, आरपीएम खाली येतो आणि झिणझिण्या कमी होतात. तुम्ही लिहिलंय अगदी तेच.

रोलर सहाच्या सहा बदला, मूळ वजनाचेच. 'पिकअप वाढतो' म्हणून हलके रोलर खपवतात. पिकअप वाढतो, पण त्याच स्पीडला आरपीएमही वाढतो, म्हणजे पैसे देऊन झिणझिण्या विकत घेतल्या. काढण्याआधी फोटो काढा, रोलर कुठल्या तोंडाने बसलेत ते दिसलं पाहिजे. मागच्या प्लेटवरचे तीन प्लॅस्टिक स्लायडर पण नवे घ्या, ते झिजले की प्लेट खडखडते. काही मॉडेलमध्ये व्हेरिएटर आतून ग्रीस भरून ओ रिंगने बंद केलेला असतो, काहींत पूर्ण कोरडा. कोरड्यात ग्रीस घालू नका, ग्रीसवाला कोरडा ठेवू नका.

पुढच्या फेसवर पंख्याची पाती असतात. एखादं पातं तुटलेलं असेल तर फेस बदला. एवढ्या आरपीएमला तुटलेल्या पात्याइतकं वजनही तोल घालवतं. पलीकडच्या फ्लायव्हीलच्या पंख्यालाही हेच. आणि पाती का तुटतात? पुली फिरू नये म्हणून त्यांत स्क्रू ड्रायव्हर खुपसून नट खोलतात म्हणून. होल्डर वापरा किंवा इंपॅक्ट गनवाल्याकडे जा.

पाना १०-१२

बेल्टबाजी, एक राहिलं, आणि तेच सगळ्यात महाग पडतं.

बेल्ट बसवताना मागच्या पुलीचे दोन फेस हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबायचा, म्हणजे पुढे ढील मिळते. ती न घेता पुढचा फेस लावून नट कसला तर बेल्ट फेस आणि क्रँकवरच्या लोखंडी बुशच्या मध्ये चिमटला जातो. टॉर्क रेंच 'टक्' करतो, वाटतं नट कसला गेला. प्रत्यक्षात नट बेल्टवर कसला गेलेला असतो. इंजिन चालू झालं की बेल्ट वर सरकतो, नट ढिला, आणि फेसच्या आतल्या दात्या थोड्याच दिवसांत क्रँकच्या दात्या खाऊन टाकतात. अशी गाडी थरथरत, खटखटत येते आणि निदान होतं 'क्रँक गेला'. तेव्हा तो खरंच गेलेला असतो, पण कोणामुळे ते कोणी सांगत नाही.

कसून झाल्यावर पुढची पुली हाताने फिरवा. बेल्ट पुढे सैल लोंबला पाहिजे आणि फेस बुशला टेकलेला दिसला पाहिजे. ११० च्या बहुतेक गाड्यांत हा नट ५०-६० न्यूटन मीटरच्या घरात कसतात, नेमका आकडा मॅन्युअलचा. बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेने. पुलीचे फेस थिनरने पुसून कोरडे, बोटांचं ग्रीसही नको.

बेल्टची रुंदी नव्याशी ताडून बघा. मिलिमीटरने कमी झाला असेल, आतल्या दातांच्या मुळाशी चिरा असतील किंवा कडेचे धागे सुटले असतील तर बाद. २०-२५ हजारांवर असाही बदलायचाच असतो.

पुली काढलेलीच आहे तर क्रँक तपासून टाका. क्रँकचं उघडं टोक धरून वर-खाली हलवा. वर-खाली खेळ अजिबात जाणवता कामा नये. आत-बाहेर अगदी बारीक असू शकतो. खेळ नाही, हाताने फिरवताना घरघर नाही, भार दिल्यावर खोल खटखट नाही, तर त्या गॅरेजला नमस्कार.

सानपाडा स्टँड

सायलेन्सर विसरलात सगळे. त्याचे दोन माउंटिंग बोल्ट ढिले असतील तर ठरावीक आरपीएमला सगळी गाडी गुणगुणते. कसायची रीत : आधी हेडकडचे दोन नट हाताने, मग मागचे माउंटिंग बोल्ट, मग पुन्हा हेडचे फायनल. मागून आधी कसलं तर पाइप ताणात बसतो, गॅस्केट फुटतं. हीट शील्डचे स्क्रू, नंबर प्लेट, साइड पॅनेलच्या तुटलेल्या क्लिपा हेही हाताने दाबत दाबत बघा. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला.

पावसात वंदना टॉकीजसमोरच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर सीव्हीटी कव्हर, म्हणजे तेच किक कव्हर, उघडून वाळवा. बेल्ट घसरतोच, पण पाणी आत राहिलं की पुलीच्या फेसवर गंज धरतो आणि तो खरखरीत गंज नवा बेल्टही खातो. खाडीकाठी उघड्यावर उभी राहणारी गाडी तर आणखी लवकर.

मोजपट्टी

इंजिन की चाक, हे गाडी न उघडता ठरवायची रीत सांगतो. मोजायचं.

टायर ९०/१००-१० धरा. रिम १० इंच म्हणजे २५४ मिमी, वर-खाली ९०-९० मिमी रबर, एकूण ४३४. घेर झाला साधारण १.३६ मीटर. ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला १३.९ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला जेमतेम १० फेरे. त्याच वेळी इंजिन ५,५०० वर असेल तर त्याचे सेकंदाला ९० च्या वर. म्हणून टायरचा फुगवटा, वाकडी रिम किंवा बेअरिंग यांचा हादरा ढबढब असा वेगवेगळा जाणवतो, जवळजवळ मोजता येतो. इंजिन, क्लच, व्हेरिएटर यांचा मोजता येत नाही, झिणझिण्याच येतात. आयडलला १,७०० म्हणजे सेकंदाला २८, मधली अवस्था, आरसा फिसकटवणारी.

पडताळा : मेन स्टँडवर, मागे कोणी उभं नसताना, थ्रॉटल हळूहळू वाढवा. रस्त्यावरची थरथर इथेही तशीच आली तर इंजिनाच्या बाजूचं. आली नाही तर पुढचं चाक, टायर, कोनसेट (हँडलचं बेअरिंग), किंवा भार आल्यावरच बोलणारं काहीतरी. फार वेळ पिळत बसू नका.

घोडबंदरी

काम झालं, आकडे देतो. डावा फाउंडेशन बुश फाटलेला, नळी एका कडेला. दोन्ही बदलले, बोल्ट चाकांवर उतरवून कसले. आयडल १,३५० होतं, पायलट जेट साफ केल्यावर स्क्रूला हात न लावता १,६५०. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट निघाला. सहापैकी चार रोलर चपटे, एक स्लायडर तुटलेला. जुना बेल्ट नव्यापेक्षा १.२ मिमी अरुंद. शूंचं लायनिंग २.९ मिमी, चकाकत होतं, घासलं. बेल तीन ठिकाणी सारखी. क्रँकला वर-खाली खेळ शून्य. आरशात आता नंबर प्लेट वाचता येते, गचके नाहीत, ५० ला गुळगुळीत.

पण एक नवीनच ऐकू यायला लागलंय. ठाणे-बेलापूर रोडला ४० च्या स्पीडला ढबढब येते. सेकंदाला दोन-तीन. नवा बेल्ट सदोष असेल का?

मोजपट्टी

एकेकटी ढब येते की जोडीने?

घोडबंदरी

जोडीने. ढब-ढब, मग गॅप, मग ढब-ढब.

मोजपट्टी

४० ला चाक सेकंदाला ८ वेळा फिरतं, म्हणजे चाक नाही. बेल्ट तर त्याहून कितीतरी जलद फिरतो. सेकंदाला ११ मीटर जाताय, काँक्रीटचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे सेकंदाला अडीच. पुढचं चाक सांध्यावरून जातं, सव्वा मीटर मागे असलेलं मागचं चाक पाठोपाठ, म्हणून जोडी. ही आधीही होती, थरथरीत ऐकू येत नव्हती. डांबरी पट्ट्यावर जाऊन बघा, तिथे नसेल तर कव्हर परत उघडू नका.

घोडबंदरी

डांबरावर नाही.